नॉमिनी, वारस आणि मृत्युपत्र : वाचकांचे प्रश्न

मृत्युपत्र आणि वारसाहक्क यांवर प्रश्न मागवले तेव्हा आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये एक समज पुन्हा पुन्हा दिसला : नॉमिनी लावला की काम झालं. म्हणून पहिलं पत्र तेच घेतलं आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू होतो, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याला धरून आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. गोव्याचे तर अगदीच वेगळे; त्यावरचं एक पत्र पुढे आहे.

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे. कर्ज मीच फेडलं. सोसायटीत धाकट्या मुलाला नॉमिनी केलंय, कारण तो आमच्याजवळ राहतो. पत्नी आणि विवाहित मुलगी आहे, माझी आईही हयात आहे. मुलगा नॉमिनी असताना मृत्युपत्राची वेगळी गरज आहे का? (निवृत्त शिक्षक, पुणे)

आहे, आणि तुमच्या बाबतीत जरा जास्तच आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासदाच्या पश्चात सोसायटीनं पत्रव्यवहार कुणाशी करायचा, देखभाल खर्च कुणाकडून घ्यायचा, एवढ्यापुरता तो माणूस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली आलेलं कलम १५४ब-१३ हेच सांगतं : खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. त्या नात्यानं त्याला फ्लॅट विकता येत नाही.

मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट कुणाचा होईल ते बघा. हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि सगळ्यांचा वाटा सारखा. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हणजे तुमच्या फ्लॅटचे चार भाग होतील : पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. आईंचा पाव हिस्सा त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांकडे जाईल, म्हणजे तुमच्या भावाबहिणींकडे, आणि तुमच्या जागी तुमच्या मुलांकडे. तुम्ही फेडलेल्या फ्लॅटवर पुढे काका, आत्या आणि चुलत भावंडांच्या सह्या गोळा करत फिरायची वेळ येते ती अशी. यात कुणाचं वाईट वागणं लागत नाही, नुसता कायदा आपल्या वाटेनं चालतो.

फ्लॅट स्वकष्टार्जित असल्यामुळे तो मृत्युपत्रानं तुम्ही कुणालाही देऊ शकता. आमचा सल्ला असा : आधी पत्नीचा विचार करा. फ्लॅट थेट मुलाला देण्याऐवजी पत्नीला द्या, किंवा तिला हयातभर राहण्याचा हक्क आणि तिच्या पश्चात मुलांना मालकी, असं लिहा. आईंच्या औषधपाण्याची तजवीज ठेव किंवा रोख रकमेतून वेगळी करा. आणि सोसायटीतलं नॉमिनेशन मृत्युपत्राशी जुळवून घ्या. दोन कागद दोन वेगळी नावं सांगू लागले की भांडणाला तोंड फुटतं.

बँकेतल्या ठेवी, म्युच्युअल फंड आणि शेअर यांनाही हाच न्याय. शेअर आणि डिमॅटच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्यात मात्र फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीधारकानं आईवडील, पती किंवा पत्नी, किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर ती व्यक्ती रकमेची लाभार्थी धरली जाते. म्हणून विम्याच्या जुन्या पॉलिसीवर कुणाचं नाव आहे ते काढून बघा. लग्नाआधी लावलेली नावं तशीच राहिलेली असतात. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकत्र टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरसाठी फक्त एकामागून एक.

प्रश्न : मृत्युपत्र घरच्या घरी लिहिता येतं का? त्याला स्टॅम्पपेपर, वकील, नोंदणी, यातलं काय लागतंच? (सांगली)

साध्या कोऱ्या कागदावर, हातानं, मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र पूर्ण कायदेशीर असतं. मुद्रांक शुल्क शून्य. नोंदणी ऐच्छिक. वकिलाची सक्ती नाही. सक्ती आहे ती एकाच गोष्टीची, आणि नेमकी तीच चुकते : साक्षीदार.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चं कलम ६३ म्हणतं की मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार हवेत. करणाऱ्यानं सही करताना प्रत्येकानं ती पाहिलेली असावी, किंवा ‘ही माझी सही’ असं करणाऱ्यानं त्याला सांगितलेलं असावं. आणि प्रत्येक साक्षीदारानं करणाऱ्याच्या समोर सही करायला हवी. होतं काय, की वडील घरी सही करतात, आणि मुलगा तो कागद घेऊन शेजाऱ्यांच्या दारात साक्षीदाराची सही आणायला जातो. कोर्टात साक्षीदाराला विचारलं जातं, ‘सही करताना ते समोर होते का?’ उत्तर ‘नाही’ आलं की मृत्युपत्र तिथेच संपतं. नोटरीचा शिक्का ही उणीव भरून काढत नाही.

साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान निवडा. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. पंचाहत्तरीच्या माणसानं पंचाहत्तरीचेच दोन मित्र घेतले, तर त्या वेळी तिघेही नसतात. एक साक्षीदार कुटुंबाचे डॉक्टर असतील तर उत्तम. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नाही. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेला वाटाच रद्द होतो. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा कशाला ठेवायची?

मजकुरात पुढच्या गोष्टी यायलाच हव्यात. नाव, वय, पत्ता, तारीख, ठिकाण. ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे’ हे वाक्य. प्रत्येक मालमत्तेचं ओळख पटेल असं वर्णन : गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, फ्लॅटचा क्रमांक, सोसायटीचं नाव, भाग दाखल्याचा क्रमांक. ‘गावाकडची जमीन थोरल्याला’ असं लिहू नका. गावाकडे चार गट असतात. कुणाला काय, हे नात्यासह लिहा, आणि तो माणूस आधी गेला तर त्याचा वाटा कुणाला, हेही लिहा. शेवटी एक कलम हवं : ‘वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी माझी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला द्यावी.’ ते नसलं की विसरलेली एक मुदत ठेव सगळ्या वारसांना पुन्हा एकत्र बसवते. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक नेमा, आणि त्याला आधी विचारा. प्रत्येक पानावर सही करा.

एखाद्या मुलाला कमी देत असाल किंवा काहीच देत नसाल, तर कारण दोन ओळींत लिहा : ‘मुलीला तिच्या घरासाठी मी आधीच रक्कम दिली आहे, म्हणून…’ न्यायालय मृत्युपत्राकडे संशयानं पाहतं ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे जवळचा वारस कारण न सांगता वगळलेला असतो. दुसरं म्हणजे ज्याचा फायदा होतो त्यानंच मसुदा, साक्षीदार आणि रिक्षा या सगळ्याची धावपळ केलेली असते. हा संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५९ सालीच सांगून ठेवलं आहे.

नोंदणी ऐच्छिक असली तरी जरूर करा. दुय्यम निबंधक कार्यालयात फी १०० रुपये आणि पानांप्रमाणे हाताळणी शुल्क, एवढाच खर्च येतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी अधिकारी घरी येण्याची सोय आहे, त्यासाठी वैद्यकीय दाखल्यासह अर्ज करा. मजकूर गुप्त ठेवायचा असेल, तर बंद लखोट्यातलं मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणूनही देता येतं. पण नोंदणी म्हणजे अंतिम शब्द नव्हे. २०१८ मध्ये नोंदवलेलं मृत्युपत्र २०२४ मध्ये साध्या कागदावर नीट साक्षीदारांसह केलेल्या मृत्युपत्रानं रद्द होतं. बदल करायचा तर नवीन मृत्युपत्र किंवा पुरवणी करा, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. जुन्या कागदावर पेनानं नाव खोडून दुसरं लिहिलं, तर त्या दुरुस्तीला काही किंमत नाही.

मुंबई शहरातल्या मालमत्तेसाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयाच्या प्रमाणपत्राची, जी सक्ती होती, तिचं कलम २१३ संसदेनं डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. प्रोबेट आता गरजेपुरतं : वारसांत वाद असेल, किंवा एखादी संस्था त्याशिवाय ऐकत नसेल तर.

प्रश्न : वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. सातबारावर अजून त्यांचंच नाव आहे. आम्ही दोघे भाऊ, तीन बहिणी. एक बहीण वारली, तिला दोन मुलं आहेत. बहिणी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर संमतीपत्र द्यायला तयार आहेत. तेवढ्यावर आम्हा भावांची नावं लागतील का? (सातारा जिल्हा)

नाही लागणार. आणि लागली तरी टिकणार नाहीत.

आधी वारस नोंद, मग हक्कसोड, हा क्रम उलटा करू नका. वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नाती दाखवणारं प्रतिज्ञापत्र, आणि ओळखपत्रं लागतात. कायद्यानं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं; उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम अडतं. नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आजोबांचंही नाव अजून सातबारावर असेल तर आधी ती पिढी, मग वडिलांची. उडी मारून थेट नातवंडांची नावं लावता येत नाहीत.

प्रतिज्ञापत्रात पाचही भावंडं यायला हवीत. वारलेल्या बहिणीच्या जागी तिच्या वारसांची नावं येतील. आई असतील तर त्यांचंही नाव. सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते : बहिणी ‘काही मागत नाहीत’ म्हणून त्यांची नावंच दिली जात नाहीत. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि वगळलेल्या बहिणीचा हक्क त्यानं बुडत नाही. पुढे जमीन विकायची वेळ आली की खरेदीदाराचा वकील वंशावळ मागतो, आणि सगळं बाहेर येतं.

मग हक्कसोडपत्र. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरीपुढचं संमतीपत्र म्हणजे हक्कसोड नव्हे. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क भावाबहिणीच्या लाभात विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. हक्क कुणाच्या लाभात सोडला ते नावानिशी लिहा : दोघा भावांच्या, की एकाच्या. बहिणीची मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांचा वाटा त्यांच्या वडिलांनी परस्पर सोडून देता येत नाही. जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, आणि मुलांच्या हिताचं कारण नसेल तर ती मिळत नाही. त्या दोघांची नावं सातबारावर अज्ञान पालक कर्ता म्हणून वडिलांसह राहू द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आहे. २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये निकालात काढलं. तुमच्या बहिणींचा वाटा तुमच्याइतकाच आहे. हक्कसोड द्यायचं की नाही हे त्यांनी पूर्ण माहिती घेऊन, आपल्या घरी बसून ठरवावं. तहसीलच्या आवारात सगळे जमलेले असताना नव्हे. वाटा द्यायचा ठरला, तर सर्वांच्या संमतीनं तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं.

प्रश्न : माझं वय ७४. घर माझ्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, आत्ताच बक्षीसपत्र कर, नंतर कटकट नको.’ बक्षीसपत्र बरं की मृत्युपत्र? (नाशिक)

घर एकच असेल तर मृत्युपत्र. यात आमचं मत ठाम आहे.

बक्षीसपत्र नोंदलं गेलं की घर त्याच दिवशी मुलाचं होतं. तुमचं मन बदललं म्हणून ते फिरवता येत नाही. मुलगा कितीही चांगला असला तरी तीन गोष्टी त्याच्या हातात नाहीत. त्याच्या धंद्याचं कर्ज थकलं तर घरावर जप्ती येऊ शकते. त्याचा संसार मोडला तर घर त्या वादात ओढलं जातं. आणि दुर्दैवानं तो तुमच्याआधी गेला, तर घर त्याच्या वारसांत वाटलं जातं : सून, नातवंडं आणि तुम्ही. स्वतःच्या घरात तुम्ही एका हिश्श्याच्या मालकीण उरता. मृत्युपत्रात यातलं काहीच घडत नाही, कारण शेवटच्या दिवसापर्यंत घर तुमचंच असतं.

बक्षीसपत्राकडे लोक वळतात ते स्वस्त म्हणून. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; काही महापालिका हद्दींत वर अधिभार लागतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. दुकानगाळ्याला ही सवलत नाही. मुलगा हयात असताना सुनेच्या नावानं दिलं तरी नाही. भाऊ, बहीण या यादीत नाहीत.

तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर दोन अटी दस्तातच लिहून घ्या. पहिली : देणारीला या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. दुसरी : ‘घेणाऱ्यानं देणारीचं अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि निवास यांची तजवीज करायची आहे, तशी न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून मागण्याचा हक्क देणारीला राहील.’ ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ या वाक्यावर उभं आहे. मुलानं सांभाळलं नाही तर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून दस्त रद्द करून घेता येतो. अट दस्तात नसल्यामुळे दिलासा नाकारला गेल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयानं ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावला आणि घराचा ताबा परत देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला असल्याचं सांगितलं. पण उदार अर्थावर विसंबून राहू नका. वाक्य दस्तात असू द्या, आणि मुलाला ते आवडलं नाही तर तोच तुमच्या प्रश्नाचा निर्णय समजा.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, पती नाहीत, मूलबाळ नाही. नोकरी करून स्वतःचा फ्लॅट घेतला. भाचीच माझं सगळं बघते. तिलाच मिळेल ना? (ठाणे)

मृत्युपत्र नसेल तर नाही मिळणार. हिंदू स्त्रीला मुलं आणि पती नसतील, तर तिची स्वकष्टाची मालमत्ताही आधी पतीच्या वारसांकडे जाते : दीर, पुतणे, ज्यांचं कदाचित वर्षानुवर्षं तोंडही पाहिलेलं नसतं. माहेरचे त्यानंतर. अपवाद फक्त आईवडिलांकडून वारशानं आलेल्या मालमत्तेचा. ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. सासरहून हाकललेल्या, माहेरी राहून कमावलेल्या एका स्त्रीची मिळकत सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये या कलमामुळे पतीकडच्या वारसांना दिली. तुमच्या परिस्थितीतल्या प्रत्येक स्त्रीनं मृत्युपत्र करायलाच हवं, आणि ते याच महिन्यात. नोंदणी करा, डॉक्टरांचा दाखला जोडा, आणि भाचीला त्या दिवशी कार्यालयात सोबत नेऊ नका.

प्रश्न : आमच्या ३२ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. मोठी मुलगी त्याला सांभाळेल म्हणते. सगळं तिच्या नावावर करावं का? (नागपूर)

मुलीवर विश्वास ठेवा, पण मुलाचा पैसा तिच्या मालमत्तेत मिसळू देऊ नका. मिसळला की तिच्या कर्जाचा, आजाराचा, तिच्या पश्चात तिच्या वारसांचा त्यावर परिणाम होतो. थेट मुलाच्या नावावर ठेवलं, तर तो खातं चालवू शकत नाही म्हणून पैसा अडकतो.

पहिलं काम पालकत्वाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत बँकेच्या खिडकीवरच कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तुम्ही दोघं अर्ज करा, आणि तुमच्यानंतर मुलगी पालक होईल याची तिची लेखी संमती तयार ठेवा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि मग दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. ते चुकवू नका.

दुसरं, खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट. तुम्ही दोघं, मुलगी आणि एखादी कुटुंबाबाहेरची विश्वासू व्यक्ती असे तीन-चार विश्वस्त घ्या. लाभार्थी मुलगा एकटाच, आणि उत्पन्नावर त्याचाच हक्क, असं स्पष्ट लिहिलं तर न्यासाच्या उत्पन्नावर कर त्याच्या दरानं बसतो. विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलेल्या न्यासावर तो चढा बसू शकतो, म्हणून मसुदा सनदी लेखापालाला दाखवा. घर न्यासात टाकणार असाल तर नोंदणी अनिवार्य. एवढ्यात मोठी रक्कम हाताशी नसेल तर न्यास छोट्या रकमेनं सुरू करा, आणि मृत्युपत्रात मुलाचा वाटा त्या न्यासाला लिहा. मुलाचा खर्च, औषधं, दिनक्रम, त्याला काय आवडतं, कशानं त्रास होतो, हे सांगणारं एक पत्र विश्वस्तांसाठी जोडा. कायद्याला ते लागत नाही, पण मुलाला लागेल.

तुमच्यापैकी कुणी सरकारी सेवेतून निवृत्त असेल, तर मुलाला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव निवृत्तिवेतन आदेशात तुम्ही हयात असतानाच लावून घ्या. मागून अपंगत्व आणि अवलंबित्व सिद्ध करत बसणं फार कष्टाचं होतं.

प्रश्न : वडिलांना विस्मरणाचा आजार सुरू झाल्याचं निदान झालंय. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं तर पुरेल ना? (कोल्हापूर)

पुरणार नाही. आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की ते संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मृत्यूनंतरही ते चालत नाही. पुढे आजार बळावला तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं.

म्हणून आता वेळ आहे तोवर तीन गोष्टी करा. वडिलांच्या पेन्शनचं खातं आईसोबत संयुक्त करून घ्या. त्यांची इच्छा असेल तर मृत्युपत्र करा. निदान झालं म्हणून ते करता येत नाही असं नाही, सही करताना आपण काय करतोय हे त्यांना कळत असलं पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदुविकारतज्ज्ञाचा दाखला त्याच दिवशीचा घ्या. मजकूर छोटा ठेवा. मालमत्ता कोणती, वारस कोण, आणि असं का वाटलं, हे डॉक्टरांनी त्यांना एकट्यानं विचारावं, मुलांनी बाहेर थांबावं. तिसरं, बऱ्या न होणाऱ्या अवस्थेत कृत्रिम उपचार किती हवेत, याचं इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे. पुण्यात लग्नानंतर एक फ्लॅट घेतला. तो तिघांपैकी एकाच मुलाला मृत्युपत्रानं देता येईल का? (फोंडा, गोवा)

पूर्ण देता येणार नाही. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. फ्लॅट १ कोटीचा आणि एवढीच मालमत्ता धरली, तर ५० लाख तुमच्या पत्नीचे आहेतच. तुमच्या ५० लाखांपैकी निम्मे, म्हणजे २५ लाख, मृत्युपत्रानं कुणालाही देता येतात. उरलेले २५ लाख तिन्ही अपत्यांना सारखे, मुलगा-मुलगी भेद न करता. फ्लॅट महाराष्ट्रात असला तरी गोव्याच्या अधिवासी माणसाला गोव्याचाच कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं. मुलाला हयातीत दिलेली बक्षिसंही पुढे वाटणीत हिशेबात धरली जातात. मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या उपनिबंधकाकडे करा; पुण्याच्या पद्धतीनं घरी करून ठेवू नका.

प्रश्न : आई अचानक गेली. तिच्या ठेवी कुठे आहेत ते माहीत नाही. मी अमेरिकेत असतो. (मूळ छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचं औरंगाबाद; आता न्यू जर्सी)

तिच्या बँक पासबुकाची मागची दोन-तीन वर्षं काढा. व्याज, लाभांश, विम्याचा हप्ता, लॉकरचं भाडं, या नोंदी माग देतात. आयकर विवरणासोबतचं वार्षिक माहिती पत्रक त्याहून चांगलं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नावानं शोधता येतात, आणि मुदत उलटली तरी वारसाला परत मिळतात. सात वर्षं न घेतलेला लाभांश आणि त्याचे शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. तिथेही दावा करता येतो, पण कागद पुष्कळ लागतात.

नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि बँकेचा अर्ज पुरतो. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल, पण वारसांत वादही नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, न्यायालयाचा दाखला न मागता बँकेनं रक्कम द्यायची आहे. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. त्यावरच्या रकमेला बँक न्यायालयाचा वारसा दाखला मागू शकते; वाद असेल तर न्यायालयातच जावं लागतं.

तुम्हाला स्वतःला यायला जमणार नसेल तर इथल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र पाठवा. त्यावर तिथल्या भारतीय वकिलातीचं साक्षांकन किंवा अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा परदेशात चालणारा शिक्का, हवं, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायला हवं. मजकुरात ‘अमुक बँकेतल्या ठेवींचा दावा करणे’ असं नेमकं काम लिहा, सरसकट सगळे अधिकार देऊ नका. पैसे तुमच्या अनिवासी सामान्य (एनआरओ) खात्यात येतील. तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सनदी लेखापालाच्या दाखल्यासह. गावाकडची शेतजमीन वारशानं तुमच्या नावावर होऊ शकते, मात्र अनिवासी म्हणून ती तुम्हाला विकत घेता आली नसती. वारस नोंदीत तुमचं नाव सुटू देऊ नका. ई-हक्कवरचा अर्ज न्यू जर्सीतूनही भरता येतो.